दाणा आधी, तलवार मागून : ‘नेव्हस्की’ची पहिली मोहीम कशी खेळावी

शनिवारी रात्री जेवणं उरकली की आमच्या नौपाड्यातल्या घरी जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड निघतं आणि त्या जागी तेराव्या शतकातला बाल्टिकचा मुलूख अंथरला जातो. माझा आतेभाऊ ऐरोलीहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून येतो. तो रशियन, मी जर्मन, पुढच्या शनिवारी उलट. गेली काही वर्षं आम्ही ‘नेव्हस्की’ हा बोर्डावरचा युद्धखेळ असा खेळतो आहोत. नवीन माणसाला तो शिकवायची वेळ आली की मी रूलबुक बाजूला ठेवतो आणि थेट कॅलेंडरपासून सुरुवात करतो. हा लेखही त्याच क्रमानं लिहिला आहे. तुम्ही खेळ नुकताच घेतला असेल, खोका उघडून बावरला असाल, तर लेख शेजारी ठेवून पहिली मोहीम खेळता यावी एवढाच हेतू.

खेळ व्होल्को रुन्के यांनी रचलेला आहे आणि जीएमटी गेम्सनं काढलेला. दोघांत खेळायचा. एका बाजूला ट्युटॉनिक म्हणजे जर्मन सरदार, त्यांचे बिशप आणि डॅनिश राजपुत्र. दुसऱ्या बाजूला नोव्हगोरोदचं रशियन नगरराज्य. काळ १२४० ते १२४२. इतिहास थोडक्यात असा : जुलै १२४० मध्ये अलेक्सांद्रनं नेवा नदीकाठी स्वीडिश सैन्याला हरवलं, त्यावरून त्याला नेव्हस्की म्हणू लागले. त्याच वर्षी पश्चिमेकडून आलेल्या फौजांनी इझबोर्स्क आणि प्स्कोव्ह घेतलं. अलेक्सांद्रचं नोव्हगोरोदकरांशी बिनसलं आणि तो निघून गेला. संकट दाराशी आल्यावर १२४१ मध्ये त्याला परत बोलावलं. त्यानं कोपोर्येचा किल्ला घेतला, पुढच्या वर्षी प्स्कोव्ह सोडवलं आणि ५ एप्रिल १२४२ रोजी पायपस सरोवराच्या गोठलेल्या काठावर प्रसिद्ध लढाई झाली.

ही सगळी कथा ठाऊक असली की नवखा खेळाडू साहजिकच लढाईची वाट बघत बसतो. पण पटावरचा बहुतेक वेळ दाणागोटा, गाड्या आणि चाकरीचे दिवस यांत जातो. ते हिशेब जमले की लढाई आपोआप आपल्याला हव्या त्या जागी होते. ते चुकले, तर उत्तम घोडदळ असलेला सरदारही अर्ध्या वाटेवरून घरी निघून जातो. माझ्या मते या खेळाचं सगळं मोठेपण इथेच आहे.

टेबल मांडताना

चार माणसांचं साधं जेवणाचं टेबल पुरतं, पण पटाच्या दोन्ही अंगांना जागा मोकळी ठेवा. प्रत्येक सरदाराची स्वतंत्र पाटी असते. तिच्यावर त्याच्या तुकड्या, गाड्या, दाणा, नाणी, सगळं मांडायचं असतं. तुकड्या लाकडी, बाकीच्या वस्तू पुठ्ठ्याचे छोटे काउंटर.

पुठ्ठ्याचे काउंटर आणि डोक्यावरचा पंखा यांचं जमत नाही, आणि ठाण्यात मे महिन्यात पंखा बंद करणं कुणालाच शक्य नाही. आम्ही पट पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या शीटखाली दाबतो आणि पंखा दोनवर ठेवून टेबल त्याच्या थेट खालून जरा सरकवतो. पावसाळ्यात दमटपणानं पट फुगतो, त्यालाही शीटचा उपयोग होतो. काउंटर ठेवायला जांभळी नाक्याच्या बाजारात मणी आणि टिकल्यांसाठी मिळतात तसल्या खणांच्या प्लास्टिकच्या डब्या घ्या. एका खणात दाणा, एकात नाणी, एकात गाड्या, एकात स्लेज म्हणजे बर्फावरून ओढायच्या गाड्या, एकात नावा. हे आधी लावून ठेवलं नाही तर पहिल्या दिवशी निम्मा वेळ शोधाशोधीत जातो. पत्त्यांना स्लीव्ह घाला. घामाच्या हातांनी ते लवकर खराब होतात.

नियम जीएमटीच्या साइटवर फुकट मिळतात. ते आधी एकदा वाचा, पण पाठ करायला बसू नका. युद्धाचा आणि सुलतानढव्याचा, म्हणजे किल्ल्यावरच्या थेट हल्ल्याचा, भाग पहिल्या वाचनात गाळला तरी चालेल. मोहिमेतल्या हालचाली आणि खाणंपिणं यांची पानं मात्र दोनदा वाचा.

पहिला प्रसंग कोणता

पूर्ण मोहीम सोळा टर्नची. तिकडे लगेच जाऊ नका. खोक्यात ‘प्लेस्काउ’ नावाचा छोटा प्रसंग दिला आहे. प्लेस्काउ हे प्स्कोव्हचं जर्मन नाव. १२४० चा उन्हाळा, दोनच टर्न. दोर्पातला, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूला, बिशप हर्मन बसलेला आणि प्स्कोव्हमध्ये रशियन सरदार गाव्रिलो. एका संध्याकाळी सहज संपतो. हा प्रसंग एकदा जर्मनांकडून आणि एकदा रशियनांकडून खेळल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगतो.

कॅलेंडर

पटावरच्या घरांच्या रांगेकडे बघा. एक घर म्हणजे एक टर्न, चाळीस दिवसांचा. युरोपात सरंजामी चाकरीची रूढ मुदत चाळीस दिवस धरत, त्यावरून हे माप आलं आहे. उन्हाळ्याची दोन घरं, सुरुवातीच्या हिवाळ्याची दोन, सरत्या हिवाळ्याची दोन आणि रास्पुतित्सा, म्हणजे बर्फ वितळून होणाऱ्या चिखलाच्या दिवसांची दोन. अशी दोन वर्षं.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडेही दसऱ्याला सीमोल्लंघन आणि पावसाळ्याआधी परत, असंच मोहिमेचं वर्ष होतं. नद्यांना उतार नाही, वाटा चिखलात, घोड्याला वैरण नाही, तेव्हा छावणी. रशियातला चिखल वसंतात येतो एवढाच फरक.

प्रत्येक सरदाराच्या चाकरीची एक खूण याच कॅलेंडरवर पुढच्या कुठल्यातरी घरात असते. ती खूण सांगते, हा माणूस कधीपर्यंत तुमचा. टर्नच्या सुरुवातीला खूण चालू घरातच असली तर सरदार आपली माणसं घेऊन घरी जातो आणि काही घरं उलटल्यावर पुन्हा बोलावता येतो. खूण चालू घराच्या डावीकडे गेलेली असली तर तो कायमचा गेला. खूण हलते मुख्यतः तीन कारणांनी. उपाशी ठेवलं तर एक घर डावीकडे. एक नाणं दिलं तर एक घर उजवीकडे. लढाईत माघार घेतली तर फाशावर जे पडेल तेवढी डावीकडे, एक ते तीन घरं.

या एका खुणेनं खेळ चालतो. म्हणून पहिला नियम असा करा : कुठलाही सरदार हलवण्याआधी त्याची खूण कुठे आहे ते बोटानं दाखवा आणि घरी परतायला किती पत्ते लागतील ते मोठ्यानं बोला. आम्ही अजूनही बोलतो. समोरच्याला तुमचा बेत कळतो, पण शिकण्याच्या दिवसांत ते चालतं.

जमवाजमव

टर्नचे दोन भाग. आधी जमवाजमव, मग मोहीम.

जमवाजमवीत दोघंही युद्धकलेचे दोन-दोन पत्ते उचलतात. पहिल्या वेळी ते पत्ते कसब म्हणून सरदारांना मिळतात, पुढच्या टर्नना घटना म्हणून लागू होतात. मग पगार, मग मुदत संपलेल्यांना निरोप, मग नवी भरती. भरतीसाठी जे सरदार आधीच पटावर स्वतःच्या मुलखात आहेत त्यांच्या वजनाचा आकडा बघायचा. त्यातला एकेक गुण खर्चून नवा सरदार बोलावता येतो, मांडलिकाची तुकडी जोडता येते, एखादं कसब घेता येतं, किंवा वाहन मिळवता येतं. नवा सरदार बोलावताना फासा टाकावा लागतो. त्याच्या निष्ठेच्या आकड्याएवढा किंवा कमी आकडा पडला तर तो येतो. जो आला तो त्याच टर्नला स्वतः भरती करू शकत नाही.

नवखे इथे एक चूक हमखास करतात. सगळे गुण माणसं जोडण्यात घालतात. तुकड्या वाढल्या की पाटी भरलेली दिसते, बरं वाटतं. पण सहा तुकड्यांपर्यंतचा सरदार एका वेळी एक दाणा खातो आणि सातवी तुकडी आली की दोन. सातव्या तुकडीची किंमत दुप्पट भाकरी आहे. म्हणून सहावर थांबा, उरलेले गुण वाहनांत घाला. सातच्या पुढे जायचंच असेल तर कशासाठी ते आधी ठरलेलं असावं, एखादा विशिष्ट किल्ला किंवा समोर दिसणारी लढाई.

हुकुमाचे पत्ते

मोहिमेच्या सुरुवातीला दोघंही आपापल्या पत्त्यांची एक गड्डी पालथी रचतात. उन्हाळ्यात सहा पत्ते, हिवाळ्यात चार, चिखलात पाच. प्रत्येक सरदाराचे तीन पत्ते असतात. जो पत्ता वर येईल तो सरदार त्या वेळी हलणार. आधी जर्मन, मग रशियन, असं आलटूनपालटून. एकदा गड्डी रचली की क्रम बदलता येत नाही. समोरच्यानं काही अनपेक्षित केलं तरी तुमचे हुकूम महिनाभरापूर्वी सुटलेले आहेत, असं समजायचं.

गड्डी रचताना मी खालून वर विचार करतो. शेवटचा पत्ता उघडेल तेव्हा माझा मुख्य सरदार कुठे असायला हवा? तिथून मागे या. तिन्ही पत्ते एकाच सरदाराला दिले तर तो लांब जाईल, पण पाठीमागची वाट उघडी पडेल. उन्हाळ्यातल्या सहांपैकी तीन मुख्य सरदाराला, दोन त्याच्या पाठीशी असलेल्याला आणि एक पत्ता कुणालाही न हलवणारा, अशी वाटणी पहिल्या डावाला बरी. तो रिकामा पत्ता वाया जात नाही. तो मधे घातला की समोरच्याला आधी हलावं लागतं, आणि तो काय करतो ते बघून तुमचा पुढचा पत्ता खेळता येतो.

एक मोहीम, दाणा दाणा मोजून

आता हिशेब प्रत्यक्ष करून बघू. पाटी समोर घ्या आणि माझ्याबरोबर मांडा.

उन्हाळ्याचा पहिला टर्न. तुमच्या सरदाराजवळ आठ तुकड्या, तीन गाड्या, पाच दाणे. त्याला एका पत्त्यावर दोन कामं करता येतात. शत्रूच्या मुलखातलं एक गाव तीन टप्प्यांवर आहे. ते मारायचं आणि परत यायचं.

एका गाडीवर एक दाणा असेल तर फौज हलकी. दाणे गाड्यांपेक्षा जास्त झाले, किंवा लूट बरोबर असली, की फौज जड. जड फौजेला एका टप्प्याला दोन कामं लागतात, हलक्या फौजेला एक. दर गाडीमागे जास्तीत जास्त दोन दाणे, त्याहून जास्त झाले तर टाकून द्यायचे.

पहिला पत्ता. तीन गाड्या, पाच दाणे, म्हणजे जड. दोन कामांत एकच टप्पा. पत्ता संपला की जे हलले किंवा लढले त्यांना खायला द्यायचं. आठ तुकड्या, दोन दाणे. उरले तीन.

दुसरा पत्ता. तीन गाड्या, तीन दाणे, हलकी फौज. दोन टप्पे. गावात पोचलो. दोन दाणे खाल्ले, उरला एक.

तिसरा पत्ता. इथे क्रम महत्त्वाचा. आधी मुलखातून दाणावैरण गोळा करा : उन्हाळा आहे, गाव अजून जाळलेलं नाही, म्हणून एक दाणा मिळतो. मग दुसऱ्या कामात गाव मारा : आणखी एक दाणा, एक लूट आणि विजयाचा अर्धा गुण. उलट केलंत, आधी जाळलंत, तर तिथून दाणावैरण मिळणार नाही. आता तीन दाणे, एक लूट, तीन गाड्या. पत्ते संपले.

टर्न संपताना नासाडीचा नियम येतो. ज्या सरदाराजवळ एकाच प्रकारच्या दोन किंवा जास्त वस्तू आहेत त्याला त्यातली एक टाकावी लागते. आपल्याकडे दाणेही तीन आणि गाड्याही तीन. काय टाकायचं?

आम्ही पहिल्यांदा इथे पोचलो तेव्हा मी न विचार करता दाणा टाकला होता. गाडी महाग, दाणा स्वस्त, असं वाटतं. पुढे काय होतं बघा. दोन दाणे, एक लूट. परतीचा पहिला पत्ता : लूट आहे म्हणून जड, एक टप्पा. लूटही खायला चालते, म्हणून लूट आणि एक दाणा खाल्ला. उरला एक. दुसरा पत्ता : हलकी फौज, दोन टप्पे, घरी पोचलो. खायला दोन हवेत, आहे एक. सरदार उपाशी, खूण एक घर डावीकडे.

आता गाडी टाका. दोन गाड्या, तीन दाणे, एक लूट. तीन दाणे दोन गाड्यांत मावतात. पहिला पत्ता : जड, एक टप्पा, लूट आणि एक दाणा खाल्ला, उरले दोन. दोन गाड्या, दोन दाणे, फौज हलकी. दुसरा पत्ता : दोन टप्पे, घरी, दोन दाणे खाल्ले. सगळे पोटभर, खूण जागच्या जागी.

एका पुठ्ठ्याच्या चौकोनामुळे चाळीस दिवसांची चाकरी वाचली किंवा गेली. हे पटावर स्वतःच्या हातानं एकदा करून बघा, कारण वाचून ते तितकं उमगत नाही. आतेभाऊ त्या दिवशी पाटीकडे बघत बसला आणि म्हणाला, “दादा, म्हणजे भाऊसाहेबांचं हेच झालं असणार.” तो पानिपताबद्दल बोलत होता. कुंजपुऱ्याला मिळालेलं धान्य संपलं, अब्दालीनं बागपताजवळ यमुना ओलांडून दिल्लीची वाट तोडली, डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदेची उरलीसुरली आशाही गेली, आणि १४ जानेवारीला उपाशी फौज बाहेर पडली. आपल्याला शाळेत लढाईचा एक दिवस शिकवतात. त्याआधीचे दोन-अडीच महिने कसे गेले असतील ते मला त्या रात्री टेबलाशी बसून पहिल्यांदा जाणवलं.

या हिशेबात लूट खाल्ली, ती खरं तर पगाराच्या कामाची होती. लूट देऊनही नाण्यासारखीच सरदाराची मुदत वाढवता येते, मात्र तो आपल्या मुलखात असला तरच. म्हणून तीन टप्प्यांवरचं गाव आठ तुकड्यांनी मारण्यात फारसा अर्थ नाही. तेच गाव सहा तुकड्यांचा सरदार मारेल तर प्रत्येक पत्त्याला एकच दाणा जाईल आणि लूट घरी येईल. डाव परत मांडून तसा मोजून बघा.

रसद

घरून दाणा आणायचाही मार्ग आहे. सरदाराच्या स्वतःच्या ठाण्यापासून तो आहे तिथपर्यंत मोकळी वाट असेल आणि त्या वाटेच्या प्रत्येक टप्प्याला पुरेल एवढी वाहनं असतील, तर एका कामात दाणा येतो. एक टप्पा असेल तर एका दाण्याला एक गाडी, दोन टप्पे असतील तर दोन. अंतर वाढलं की हे पटकन हाताबाहेर जातं. म्हणून शत्रूच्या मुलखात शिरायचं ते दोन टप्प्यांपेक्षा खोल नको, किंवा खोल जायचं तर वाटेतला एक किल्ला आधी घ्यायचा.

वाहनं ऋतूप्रमाणे बदलतात. गाड्या फक्त उन्हाळ्यात चालतात, पायवाटांवर. स्लेज हिवाळ्यात, आणि त्या पायवाटांवरही चालतात, गोठलेल्या नद्यांवरही. नावा उन्हाळ्यात आणि चिखलाच्या दिवसांत, पाण्यावर. उन्हाळ्याच्या दुसऱ्या टर्नला पाच गाड्या घेऊन शत्रूच्या मुलखात दूर असलात आणि पुढचं घर हिवाळ्याचं असेल, तर त्या पाचही गाड्या उद्यापासून निकामी. ऋतू बदलण्याच्या एक टर्न आधी पुढच्या ऋतूचं वाहन मिळवायला लागा. पूर्ण मोहीम खेळायला घ्याल तेव्हा हे सगळ्यात आधी आठवा. ‘प्लेस्काउ’मध्ये उन्हाळाच असल्यामुळे याची झळ लागत नाही, आणि म्हणूनच पुढे धक्का बसतो.

चिखलाच्या दिवसांत गाडीही नाही, स्लेजही नाही. नदीकाठ सोडून बसलेला सरदार तेव्हा दाणा हलवू शकत नाही. त्या दोन घरांत मोठ्या बेतापेक्षा वसुली करा. आपल्या ठाण्यावर बसून अख्खा पत्ता खर्चला की एक नाणं मिळतं. नीरस काम आहे, पण तीन-चार नाणी साठवलेला खेळाडू पुढच्या उन्हाळ्यात जास्त सरदार टिकवतो.

वेढा, ढवा आणि लढाई

वेढ्याला अख्खा पत्ता जातो आणि वेढा घालणारा ‘लढला’ असं धरतात, म्हणजे प्रत्येक वेळी खायला लागतं. दर पत्त्याला वेढ्याची एक खूण वाढवता येते, चारपर्यंत. सुलतानढवा केला तर जितक्या खुणा तितक्याच फेऱ्या मिळतात. एका खुणेवर ढवा करणं म्हणजे तटाखाली माणसं मारून घेणं. किमान दोन खुणा होऊ द्या, आणि तेवढे दिवस पुरेल इतका दाणा आधीच जवळ असू द्या. किल्ल्यात सरदार नसेल तर शरणागतीचा फासा असतो, तेव्हा घाई करू नका.

मैदानातल्या लढाईबद्दल मी कमीच सांगेन, कारण तक्ता समोर असला की ती सहज खेळता येते. आधी बाण, मग घोडदळ, मग पायदळ, आणि प्रत्येक पायरीला बचाव करणारा आधी मारतो. सरदारांची रांग डावी, मधली, उजवी अशी लावायची. शूरशिलेदार, म्हणजे जड चिलखती घोडेस्वार, जवळच्या मारामारीत दोन फटके देतात आणि फाशावर एक ते चार पडलं तर वाचतात. वेठीनं आणलेले शेतकरी अर्धा फटका देतात आणि त्यांना वाचवणारं काहीच नाही. फटके वाटून घेताना त्यांना पुढे करायचा मोह होतो. नियमात ते बसतं. मला मात्र ते लाकडी तुकडे उचलून ठेवताना दर वेळी वाईट वाटतं आणि शक्य असेल तर मी त्यांना आणतच नाही.

शत्रू तुमच्या ठिकाणी चालून आला तर थांबून लढलंच पाहिजे असं नाही. लढाई टाळून शेजारच्या ठिकाणी निघून जाता येतं, पण हलकं होऊनच : जादा दाणा आणि लूट तिथेच टाकावी लागते. किंवा आपला किल्ला असेल तर आत जाऊन दार लावता येतं. भरल्या गाड्यांवर बसलेल्या शत्रूवर चालून जाण्याचा फायदा इथे आहे. तो लढला नाही तरी त्याचा दाणा सुटतो. पुष्कळदा मला तेवढंच हवं असतं.

रशियन आणि जर्मन

जर्मनांचे सरदार जड घोड्यांचे, थोडे आणि महाग. त्यांनी उन्हाळ्यात लवकर निघावं, सीमेवरचं काहीतरी घट्ट पकडावं आणि हिवाळ्याआधी घरी यावं. त्यांच्याकडे पोपचा प्रतिनिधी, मोदेनाचा विल्यम, असतो. सरदार जमवायला त्याचा उपयोग होतो; योग्य टर्नपर्यंत त्याला राखून ठेवा.

रशियनांकडे व्हेचे आहे, नोव्हगोरोदची नागरिकांची सभा. अलेक्सांद्र आणि त्याचा भाऊ आंद्रेय यायला तयार असतील तरी सभा त्यांना थांबवून ठेवू शकते, आणि त्याबद्दल रशियनांना विजयाचा एक गुण मिळतो. पुढे गरज पडली की तोच गुण खर्चून त्यांना लवकर आणता येतं. इतिहासातलं नोव्हगोरोदकरांचं आणि राजपुत्राचं बिनसणं एका छोट्याशा चौकटीत असं बसवलं आहे. नवा रशियन खेळाडू अलेक्सांद्रला पहिल्या संधीला बोलावतो, कारण पटावरचा सगळ्यात जोरदार सरदार तोच. पण त्याला पोसणंही तेवढंच जड. आधी गाव्रिलो आणि दोमाशवर दिवस काढा, जर्मनांना प्स्कोव्हच्या आसपास दाणा जाळू द्या. त्यांच्या खुणा डावीकडे सरकू लागल्या की मग अलेक्सांद्रला आणा.

सुटणारे नियम

पहिल्या दोन-तीन डावांत आमच्याकडून हेच चुकायचं : न हललेल्या आणि न लढलेल्या सरदारालाही खायला देणं, जे लागत नाही, नासाडी विसरणं, आणि लूट बरोबर असताना हलक्या फौजेसारखं चालणं. एका कागदावर या तीन ओळी मोठ्या अक्षरात लिहून पटाच्या कडेला चिकटवा. एका ठिकाणचे सरदार एकमेकांना दाणा देऊ शकतात, हेही त्यावर लिहा. जवळ दाणा असून शेजारचा उपाशी राहिला असं होऊ नये.

जोडीदार ठाण्यात नसेल तर व्हॅसल या फुकट प्रोग्रामवर किंवा ब्राउझरमध्ये रॅली द ट्रूप्स या साइटवर हा खेळ खेळता येतो. साइट नियम स्वतः पाळते, म्हणून शिकायला ती चांगली आहे. तरी हिशेब तिच्यावर सोडू नका, पत्ता उघडण्याआधी दाणे स्वतः मोजा.

डाव अर्धा राहिला तर प्रत्येक पाटीचा आणि कॅलेंडरचा मोबाइलवर जवळून एकेक फोटो काढा, गड्ड्यांना रबर लावून वर नाव लिहा, आणि टेबलावर पुन्हा मेणकापड पसरा. आमच्याकडे सकाळी सातला त्याच टेबलावर चहा लागतो. त्याआधी आतेभाऊ पाटीवरचे उरलेले दाणे मोजून वहीत लिहितो : तारीख, सरदार, किती घेऊन निघाला, किती घेऊन परतला. पहिल्या पानावरचा हर्मन पाच घेऊन निघाला आणि परतलाच नाही. परवाच्या पानावर तो चार घेऊन निघाला, इझबोर्स्क घेतलं आणि एक दाणा शिल्लक ठेवून दोर्पातला पोचला.